खुर्ची घेतली, पिल्लं फुकट!

ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातून आणलेली एक सागवानी खुर्ची आणि तिच्या पोटातून निघालेले चार भाडेकरू...

तुम्ही कधी जुन्या खुर्चीच्या पोटात हात घातलाय? मी घातलाय. रात्री साडेदहाला, एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात पक्कड. आत काहीतरी ऊबदार लागलं, आणि ते हललं! पक्कड पडली थेट माझ्या पायावर. मी अशी काही किंचाळले की शेजारच्या काकू गाऊनवर ओढणी टाकून धावत आल्या.

पण थांबा. आधी बाजाराचं सांगते, कारण सगळं सुरू तिथूनच झालं.

जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडवर आणि त्याच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या फर्निचरचा जो पसारा आहे, त्याला सगळे ओशिवरा मार्केटच म्हणतात. जुनं फर्निचर म्हटलं की आपल्याला आधी चोरबाजार आठवतो. मटण स्ट्रीटवर जायचं, ग्रामोफोन बघायचे, फोटो काढायचे आणि भाव ऐकून मुकाट महंमद अली रोडच्या कबाबांकडे वळायचं. ओशिवरा हा त्याचा कष्टकरी धाकटा भाऊ. इथे शोकेस नाही. पत्र्याच्या शेडमध्ये छपरापर्यंत रचलेले पलंग, उलटे टांगलेले डायनिंग टेबल, कुठल्यातरी सीरियलच्या सेटवरून आलेलं सोनेरी सिंहासन, आणि बंद पडलेल्या स्टार्टअपच्या शंभर एकसारख्या चाकाच्या खुर्च्या. हवेत पॉलिशचा, थिनरचा, भुशाचा वास. मार्च २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे मोठ्या आगी लागल्या. लाकूड, फोम आणि थिनर एका छपराखाली म्हटल्यावर दुसरं काय होणार! तरी काही दिवसांनी माणसं परत हातोडी घेऊन बसलेली दिसतात.

आता तिथे जाणंही सोपं झालंय. २०१६ पासून लोकलचं राम मंदिर स्टेशन आहे, २०२३ पासून मेट्रोचं ओशिवरा. पण परत येताना तुमच्या डोक्यावर एक खुर्ची असणार, तेव्हा टेम्पोचे पैसे बाजूला ठेवूनच निघा.

हे फर्निचर येतं कुठून? मी विचारलं तर चाचा (दुकानदार, साठीचे, कानात पेन्सिल) म्हणाले, ‘‘बिल्डिंग गिरती है, माल आता है.’’ बस. गिरगाव, दादर, पार्ले, जिथे जिथे जुनी तीन मजली इमारत रीडेव्हलपमेंटला जाते, तिथली माणसं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात. आजोबांचं शिसवी कपाट त्या भाड्याच्या घराच्या लिफ्टमध्ये मावत नाही. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये तर इंटीरियरवाला सगळं भिंतीतच करून देतो. मग कपाट इथे येतं.

माझी खुर्ची अशीच आलेली. सागवानी, हात गोल वळलेले, पाठ बुटकी आणि रुंद. १९३०-४० च्या दशकांत मुंबईत आर्ट डेकोचं जे वेड आलं, त्या वळणाची. ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या ज्या इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली, त्यांच्या बाल्कन्या आठवा, तसेच हिचे हात. खुर्ची खरंच तेव्हाची की नंतर कुणी सुताराने तशी बनवलेली, हे चाचांनी छातीठोकपणे सांगितलं आणि मी सोडून दिलं. ४,५०० पासून सुरुवात, २,२०० ला सौदा. वर मरून रंगाचं फाटकं रेक्झिन, बसलं की डावीकडे कलायला होतं. यूट्यूब बघून सीट आपणच बांधायची, असं मी ठरवून टाकलेलं. ऑफिसात दहा तास एक्सेल शीटमध्ये घालवणाऱ्या माणसाला हातोडी केवढी ग्लॅमरस वाटते!

तर, साडेदहा वाजता.

जुन्या सोफ्याच्या किंवा खुर्चीच्या सीटखाली एक पातळ कापड ठोकलेलं असतं, धूळ खाली पडू नये म्हणून. माझ्या खुर्चीचं ते कापड एका कोपऱ्यात फाटलेलं होतं, आणि त्या झोळीत, स्प्रिंगांच्या खाली, चार मांजराची पिल्लं होती. डोळे नुकते किलकिले झालेले. म्हणजे साधारण दहा दिवसांची. टेम्पोतून, तीन मजले जिने चढून, माझ्या हॉलमध्ये ती आली होती, आणि त्यांची आई ओशिवऱ्यालाच राहिली होती. मीच त्यांना उचलून आणलं होतं. २,२०० रुपये देऊन!

काकूंनी लगेच बशीत दूध आणलं. नशीब, मी आधी एका प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते पहिलं वाक्य बोलले, ‘‘गाईचं दूध अजिबात नाही.’’ ते पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे संपलंच. दुसरं वाक्य, ‘‘आधी ऊब, मग पोट.’’ पहिले काही आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, आणि गार पडलेल्या पिल्लाला पाजलं तर दूध पचतच नाही. गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवली. तिसरं वाक्य मात्र ऐकायला नको होतं. ‘‘आईकडे परत नेता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.’’

दुसऱ्या दिवशी सिक लीव्ह टाकली आणि बुटांचं खोकं मांडीवर घेऊन रिक्षाने ओशिवऱ्याला. चाचा आधी हसले, मग खोक्यात बघून गप्प झाले. ‘‘यहाँ तो पाँच-छे बिल्ली है बेटा.’’ जिथे खुर्ची होती तिथेच, दोन कपाटांच्या मध्ये खोकं ठेवलं आणि आम्ही लांब जाऊन बसलो. माणूस जवळ असला की मांजरी येत नाही. एक तास गेला, दोन गेले. चाचांचा कारागीर समोर एका सोफ्याच्या स्प्रिंगा बांधत होता. मी काहीतरी बघायचं म्हणून तेच बघत बसले. मधली स्प्रिंग आधी, मग सुतळी समोरून मागे, डावीकडून उजवीकडे, मग दोन्ही तिरक्या. प्रत्येक स्प्रिंगेला आठ बाजूंनी ताण. त्याने न विचारता मला गाठ शिकवली.

तिसऱ्या तासाला एक तांबूस मांजरी आली. दबकत, पोट जमिनीला टेकवत. खोक्यात डोकं घातलं, एक पिल्लू मानेला धरलं आणि पलंगांच्या ढिगाऱ्यात नाहीशी झाली. चाचांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला. माझ्या डोळ्यांत पाणी, अगदी सिनेमातल्यासारखं.

ती परत आलीच नाही. आम्ही दुपारी चारपर्यंत थांबलो. मधे एक हातगाडी खडखडत गेली, कुणीतरी कटर सुरू केला, कुत्री भुंकली. पिल्लं गार पडायला लागली होती. रात्री तिथे घुशी फिरतात हे चाचांनीच सांगितलं. मी खोकं उचललं. ते बरोबर केलं का? अजून एक तास थांबायला हवं होतं का? हा प्रश्न मला अजूनही रात्री तीनला पडतो. सवयच लागलीय तीनला उठायची.

कारण पुढचे तीन आठवडे माझं घड्याळ असं होतं. दर तीन तासांनी पिल्लांसाठीची दुधाची पावडर कोमट पाण्यात, सुई काढलेल्या सिरिंजने, थेंब थेंब. पिल्लू पालथं धरायचं, माणसाच्या बाळासारखं उताणं नाही, नाहीतर दूध फुप्फुसात जातं. मग ओल्या कोमट कापसाने पोटाखाली हलकं पुसायचं, कारण सू-शीसुद्धा त्यांना आपली आपण येत नाही. आई जिभेने करते ते काम कापसाने. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. माझ्या आईने फोनवर विचारलं, ‘‘अगं, लग्नाचं वय तुझं, आणि तू मांजरांना पाजत बसलीस?’’ दुसऱ्या दिवशी तिचाच मेसेज, वजन किती झालं?

मधल्या वेळात खुर्ची. दोन पाजण्यांच्या मध्ये झोपण्यात अर्थ नव्हता.

जुन्या खुर्चीची पहिली भीती ढेकणांची. साधा उपाय म्हणजे पेस्ट कंट्रोल. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, किटकनाशकांत पर्मेथ्रिन नावाचं जे औषध सर्रास असतं, ते माणसाला चालतं, कुत्र्यालाही चालतं, मांजराचा मात्र जीव घेतं. फिनाइल, डेटॉलही नको. थिनर नको, स्पिरिट पॉलिशचा वास नको. थोडक्यात, दुकानातून आणायच्या माझ्या यादीतलं निम्मं सामान बाद! मग आजीची पद्धत. ती खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. मी सागवानावर तेवढं धाडस केलं नाही, पण इस्त्रीची वाफ फटीफटीत सोडली. आतला सगळा भराव गच्चीत उपसून पिशव्यांत घट्ट बांधून टाकून दिला. एकही ढेकूण निघाला नाही. निघालं काय, तर काथ्या, पिंजलेला कापूस, गोणपाट, एक जुनं पंचवीस पैशांचं नाणं, आणि चुका. शेकडो चुका.

चूक म्हणजे बारीक खिळा. (आणि दुसरी चूक म्हणजे आपण रोज ऑफिसात करतो ती.) सोफ्याचं कापड चुकांनी ठोकतात, आणि काढताना एकेक पटाशीच्या टोकाने उचकटावी लागते. डब्यात मोजून टाकत होते, कारण एक जरी जमिनीवर राहिली तर ती कुणाच्या पंजात जाणार हे उघड होतं. सुतळीचंही तसंच. मांजराच्या पोटात दोरा गेला तर आतडी गोळा होतात, थेट ऑपरेशन. त्यामुळे पिल्लं बेडरूममध्ये, खुर्ची हॉलमध्ये, आणि मध्ये बंद दार.

नावं अर्थातच खुर्चीतूनच आली. तपकिरी तो काथ्या, काळी ती चूक, आणि सगळ्यात बारीक ती सुतळी.

सुतळीचं वजन पहिल्या दिवशी १६०. दुसऱ्या दिवशी १५८. मग १५१. दूध ओठांवरून ओघळायचं. डॉक्टरांनी सलाइन दिलं, दर तासाला पाजायला सांगितलं. पाचव्या रात्री स्प्रिंगांची ती आठ बाजूंची गाठ मी बांधत होते, कारण दर तासाला उठायचं तर जागंच राहिलेलं बरं. चार वाजता तिला घ्यायला गेले तेव्हा बाटली गरम होती आणि ती गार. बाकीचे दोघं तिच्यावर चढून झोपले होते. सकाळी काकूंनी सोसायटीच्या मागच्या सोनचाफ्याखाली खड्डा केला. वॉचमनला सांगितलं नाही.

त्या दिवशी मी खुर्चीला हात लावला नाही. नंतरचे दहा दिवसही नाही.

पुढे गोष्टी लवकर झाल्या. चौथ्या आठवड्यात दोघांना दात आले, पातळ केलेलं ओलं खाणं सुरू झालं, मातीच्या ट्रेमध्ये जायला तर दोघं आपली आपणच शिकली. मला सहा तास सलग झोप मिळाली तेव्हा काकूंना पेढे दिले. शनिवारी मंगळदास मार्केट गाठलं (रविवारी बंद असतं, मी एकदा हात हलवत परत आलेय). मला भरड विणीचं, हातमागासारखं कापड हवं होतं. पण जिथे विणीत फास दिसतात तिथे मांजराची नखं अडकतात आणि एका आठवड्यात दोरे लोंबायला लागतात. त्यापेक्षा मखमल बरी. तिला फास नसतो, नख घसरतं. बाटलीहिरवी, अडीच मीटर. दुकानदाराने ब्लाउजला की पडद्याला विचारलं. खुर्चीला म्हटल्यावर त्याने मखमलीची लव दोन्ही बाजूंनी हात फिरवून दाखवली. सीट आणि पाठ दोन्हींची लव खालच्या दिशेने जायला हवी, नाहीतर एकच कापड दोन रंगांचं दिसतं. ही गोष्ट यूट्यूबवर कुणी सांगितली नव्हती.

कापड ठोकताना आधी पुढची मधली चूक, मग मागची मधली, मग डावी-उजवी. मधून कोपऱ्यांकडे जायचं, कोपरे शेवटी. घाई केली की सुरकुती पडते आणि सगळं उचकटावं लागतं. मी तीनदा उचकटलं. पुढचा डावा कोपरा अजूनही थोडा फुगलेला आहे. खालचं कापड मात्र दोन पदरी ठोकलंय, एक फट ठेवली नाही.

काथ्या आता गोरेगावला माझ्या कलीगकडे असतो, लस घेऊन, थाटात गेला. चूक माझ्याकडे राहिली. दोघांच्या पहिल्या लशी आठव्या आठवड्यात झाल्या, रेबीजची तीन महिन्यांनंतर.

मागच्या महिन्यात चाचांचा फोन आला. ‘‘तेरी कुर्सी का जोड़ा आया है.’’ त्याच घरातली दुसरी खुर्ची, इतके दिवस कुठल्यातरी गोडाऊनमध्ये पडलेली. गेले. शेडच्या दारात ती तांबूस मांजरी बसली होती, डाव्या कानाचं टोक सरळ कापलेलं. म्हणजे कुणीतरी तिची नसबंदी करून तिला परत आणून सोडलं होतं. तिच्या मागे कपाटावर एक अर्धवट वाढलेलं तांबूस पोर, शेपूट लोंबवत झोपलेलं. चाचा म्हणाले, ‘‘वही है.’’ मला खात्री करून घ्यायची नव्हती.

खुर्ची पाहिली. मग ती उलटी केली, टॉर्च लावला, खालच्या फाटक्या कापडात कोपरापर्यंत हात घालून चारी कोपरे चाचपले. रिकामी होती.

मग भाव विचारला.