विटकरीचं तिखट

पीटर ब्रॉयगेलचं १५६० सालचं एक चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात आहे. त्यात दोनशेच्या वर मुलं खेळतायत. कुणी चाक पळवतंय, कुणी लुटुपुटीचं लग्न लावतंय, कुणी डुकराचा मूत्राशय फुग्यासारखा फुगवतंय. अभ्यासकांनी ऐंशीहून जास्त खेळ मोजलेत. मोजोत बापडे. मी खाली उजव्या कोपऱ्यातच अडकले. तिथे एक मुलगी दुकान मांडून वीट खरवडत बसलीय. चित्रकाराची सहीसुद्धा तिथेच, तिच्याजवळच्या लाकडावर. जाणकार म्हणतात, ती रंगाची भुकटी करतेय. छे! ते तिखट आहे.

परळच्या आमच्या चाळीत गॅलरीच्या टोकाला माझं असंच दुकान असे. वीट भुसभुशीत हवी. जास्त भाजलेली काळपट वीट हात सोलते, पण चिमूटभरही माल देत नाही. ओली तर नकोच, लाल चिखल होतो. जाडसर भुकटी म्हणजे संकेश्वरी, आईच्या जुन्या पातळाच्या फडक्यातून गाळलेली ती ब्याडगी. मापाला रिकामी काड्यापेटी. ब्याडगीला दोन चिंचोके जास्त पडत, आणि गिऱ्हाइकं त्यावरून हुज्जत घालत. पण सगळी दबक्या आवाजात. आत बाबा गिरणीतली रात्रपाळी करून झोपलेले असत. घासाघीस खुणांवर चाले, भांडण नुसत्या डोळ्यांनी. माझ्या एका मैत्रिणीला अजूनही मोठ्यानं भांडता येत नाही.

दुपार कलली की आई यायची. "झालं का गं दुकान? आण इकडे." चिंचेच्या कोळात माझी अख्खी ब्याडगी कालवून ती तांब्याची घागर घासायची. घागर लखलखायची आणि माझं दिवाळं वाजायचं. मोबदला म्हणून चिंचेतले चिंचोके मात्र मिळत.

फ्रेंच चित्रकार शार्दँच्या चित्रातला पत्त्यांचा बंगला रचणारा मुलगाही मला आवडतो. फर्निचरवाल्याचा पोर, नीटनेटका, पत्त्यांत गढलेला. पण त्याचे पत्ते घरकामाला कुणी मागून नेईल असं वाटत नाही. त्यामुळे तो मला थोडा परका.

ब्रॉयगेलकडे मोठी माणसं शोधावीच लागतात. एक बाई मात्र मारामारी करणाऱ्या दोघांवर चक्क पाणी ओततेय. आमच्या चाळीत नळ पहाटे तासभर यायचा. एवढं पाणी भांडणावर कोण घालवणार? कानाखाली एकेक ठेवून दिली की काम भागायचं.