कमानी

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. निकालपत्रकं वाटून झाली होती, शाळेला सुट्टी लागली होती आणि अम्मीनं तगादा लावला होता की पावसाच्या आत छताचं गळणं थांबव. छताच्या पैशाची सोय मी मनातल्या मनात करून ठेवली होती. परसात पत्र्याच्या शेडमध्ये अब्बांची येझदी उभी होती. पुण्याच्या एका हौशी गृहस्थांना मी तिचे फोटो पाठवले होते. जुन्या गाड्या जमवण्याचा त्यांना नाद. त्यांचं उत्तर आलं, "गाडी घेतो. पण मागचं काम ओरिजिनल नाही. कुणीतरी वेल्डिंग करून शॉकअपची जागा बदललेली आहे. ते कापून पूर्ववत करून घ्या, नवे शॉकअप बसवा, मग किमतीचं बोलू."

कुणीतरी म्हणजे अब्बा.

अब्बांना मी एवढंच सांगितलं की गाडीचे मागचे शॉकअप बदलू या, सुट्टीच आहे. ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग भिंतीला धरून उठले, मणक्याचा पट्टा आवळला आणि स्वतःच स्टूल घेऊन शेडमध्ये जाऊन बसले. वय एकाहत्तर. हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पाना धरणं तर सुटलंच होतं.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्याच घराण्यातली गाडी येझदी नावानं आली. कारखाना १९९६ साली बंद पडला. अडीचशे सी.सी.चं टू-स्ट्रोक इंजिन, दोन सायलेन्सर आणि किक मारायचा दांडाच पुढं पाडून गिअरचा दांडा करायची ती गंमत आमच्या वयाच्या मंडळींना निदान ऐकून ठाऊक आहे. अब्बांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि तिचं मूळ रूप ठेवलंच नाही. चेनवरचं झाकण काढलं, मडगार्ड वर उचललं, हँडल रुंद केलं. सांगली-कोल्हापूरकडच्या माळांवर त्या काळी मातीतल्या शर्यती होत. त्यात अब्बा ही गाडी उडवायचे. मी हे पाहिलेलं नाही. माझ्या जन्माआधीच, १९८५ साली, ते पडले, खांद्याचं हाड मोडलं आणि शर्यत संपली. मग उरलं ते गॅरेज.

आम्ही शिकलगार. हत्यारांना धार लावणं हा जुना धंदा. ते काम ओसरल्यावर एकोणिसाव्या शतकात मिरजेतल्या शिकलगारांनी सतारी-तंबोरे घडवायला घेतले, हे मिरजेत सगळ्यांना माहीत आहे. आमच्या घराच्या वाट्याला तंबोरा आला नाही, पाना आला. पुढं वाचनात एक मजेशीर गोष्ट सापडली. मोटोक्रॉसच्या मैदानात १९६०च्या दशकात ज्या सी-झेड गाड्यांनी जागतिक विजेतेपदं मिळवली, त्यांच्या नावातल्या 'झेड'चा शब्द आहे 'झ्ब्रोयोव्का', म्हणजे हत्यारांचा कारखाना. जावाचा संस्थापकही आधी हत्यारंच बनवायचा. अब्बांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मतलब वो भी शिकलगारच." आणि विषय संपवला.

मला मात्र अब्बांनी गॅरेजची पायरी चढू दिली नाही. डबा घेऊन गेलो तरी बाहेरूनच द्यायचा. "तेरे हाथ काले नक्को." मी उर्दू माध्यमात शिकलो, बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, आणि आज उर्दू शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड.च्या प्रवेशाचा फॉर्म भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' असं लिहिलं होतं. 'मिस्त्री' लिहायला हात उचलला नाही. फॉर्मवर पालकांची सही लागत होती. अब्बांनी चष्मा लावून सगळा फॉर्म वाचला, त्या रकान्यापाशी थोडं थांबले आणि सही केली. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

असो. शेडमध्ये पहिला धडा शॉकअप ओळखण्याचा. "बैठ और दबा," अब्बा म्हणाले. मी सीटवर जोर देऊन गाडी दाबली आणि सोडली. मागचा भाग वर आला, खाली गेला, पुन्हा वर, पुन्हा खाली. "गिन." मी चार मोजले. चांगला शॉकअप एकदा वर येतो आणि गप्प बसतो. मग त्यांनी दांड्यावरून बोट फिरवायला लावलं. डाव्या दांड्यावर तेलाचा काळा, चिकट ओघळ. वर चकाकीला खड्डे पडलेले. त्या खड्ड्यांनी सील फाटतं आणि तेल गळतं.

शॉकअप म्हणजे स्प्रिंग, असंच आपण समजतो. तसं नाही. स्प्रिंग ओझं पेलते, पण तिला धक्का विसरता येत नाही. घेतलेला धक्का ती परत करते. तिच्या पोटात जी नळी असते, त्यात तेल आणि बारीक छिद्रांची दट्ट्या असते. दट्ट्या हलली की तेल त्या छिद्रांतून घुसमटत जातं, धक्क्याची ऊर्जा तेलाच्या उष्णतेत जाते आणि गाडी शांत होते. तेल गेलं की मागं राहते ती नुसती उसळणारी स्प्रिंग. सपाट रस्त्यावर हे खपून जातं. मातीच्या शर्यतीत उंचवट्यावरून उडालेली गाडी खाली आली की मागचं चाक घोड्यासारखी लाथ मारतं आणि स्वार हँडलवरून पुढं जातो.

अब्बा स्प्रिंगला 'कमानी' म्हणतात. मी चमकलो, कारण दहा वर्षं मी वर्गात ताणकाट्याला 'कमानीदार तराजू' म्हणत आलो होतो. हा शब्द पुस्तकातला, असं मी धरून चाललो होतो. 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे अध्यापनाचं सूत्र मी बी.एड.ला पाठ केलं होतं, पण शब्द घरातच होता हे ध्यानात आलं नव्हतं.

"एकच गळतोय," मी म्हणालो. तेवढेच पैसे वाचले असते.

"एक बदलेंगा तो चिमटा मुरडेंगा. दोनों बदल."

चिमटा म्हणजे मागचं चाक दोन बाजूंनी धरून ठेवणारा दांडा. एका बाजूला ताजा शॉकअप आणि दुसऱ्या बाजूला मेलेला असला की चिमट्याला पीळ पडतो. गाडी लाकडी खोक्यावर घेतली, चाक अधांतरी केलं. एका वेळी एकच बाजू खोलायची, म्हणजे दुसरी बाजू चिमटा धरून ठेवते. खालचा नट गंजून एकजीव झालेला. रॉकेल सोडलं, रात्रभर ठेवलं, सकाळी हातोड्याचे हलके ठोके. माझा पाना दोनदा निसटला, बोटांची सालं निघाली. अब्बा स्टुलावरून हात पुढं करत आणि परत मांडीवर ठेवत.

बाजारातून नवे शॉकअप आणले. लांबी तीच, रबरी बुशाचं भोक तेच. दोन्ही बाजू बसवल्या, वॉशर घातले, नट आवळले. जुने शॉकअप त्याच दुपारी भंगारवाल्याला दिले. साठ रुपये आले. गाडी खोक्यावरून उतरवली आणि मी बसलो. मागचा भाग असा खाली गेला की टायर मडगार्डला घासला. मी नव्या मालाला नावं ठेवू लागलो.

"माल ठीक है," अब्बा म्हणाले. "जुनी कमानी आण."

"भंगारात दिली."

अब्बा मला कधी रागावले नाहीत. त्या दिवशीही नाही. फक्त म्हणाले, "कमानी का क्या बिगड़ा था?"

मग त्यांनी सांगितलं. १९७३ साली यामाहाच्या गाडीवर एका स्वीडिश स्वारानं अडीचशे सी.सी.चं जागतिक विजेतेपद मिळवलं, तिला मागं दोन नव्हे, एकच शॉकअप होता. तो आखला होता बेल्जियममधल्या एका प्राध्यापकानं. त्याचा मुलगा मोटोक्रॉस खेळायचा. (हे नाव, साल मी नंतर शोधलं. प्राध्यापक ल्युसियाँ टिल्केन्स, स्वार होकन आंदेर्शॉन. अब्बांच्या तोंडी 'एक मास्तर' एवढंच होतं.) त्यानंतर मागच्या चाकाला जास्त हालचाल द्यायची शर्यतच लागली. ज्यांच्याकडे दोन शॉकअप होते, ते त्यांचं खालचं टोक चाकापासून काढून चिमट्यावर पुढं सरकवू लागले. मिरज जंक्शनवरच्या एका रेल्वेवाल्या दोस्तानं अब्बांना एका विलायती मासिकाचं पान आणून दिलं होतं. वाचता येत नव्हतं, पण चित्र होतं. चित्र बघून अब्बांनी चिमट्यावर पट्ट्या वेल्ड केल्या.

रात्री मी पट्टी घेऊन शेडमध्ये गेलो. चिमट्याच्या खिळीपासून चाकाच्या आसापर्यंत सोळा इंच. खिळीपासून शॉकअपच्या खालच्या बोल्टापर्यंत बारा. हा तर तरफेचा धडा, जो मी दरवर्षी शिकवतो. शॉकअप चार इंच दबला की चाक पाच इंचांहून जास्त हलतं. पण त्याची किंमत मोजावी लागते. जोर तीनचतुर्थांश पोचतो, हालचालही तीनचतुर्थांश, म्हणून चाकाला जाणवणारा ताठपणा नऊ सोळांश, निम्म्याहून किंचित जास्त. तेवढीच गाडी खाली बसली होती. मूळच्या ताठपणावर यायचं तर कमानी सोळा भागिले नऊ, म्हणजे १.७८ पट कडक हवी.

सकाळी सातलाच भंगारवाल्याकडे गेलो. ढिगात शॉकअप होते. साठला दिलेले तीनशेला परत घेतले. त्याला वाटलं मास्तरचं डोकं फिरलं. शिपायाकडून किल्ली घेऊन शाळेच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर आणला. नव्या कमानीची तार सात मिलिमीटर. जुनीची आठ. वेढे सारखे, घेर जवळपास सारखा. एक मिलिमीटरनं काय होतं? कमानीचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. आठ भागिले सात, चार वेळा गुणलं. १.७१ आलं.

मी पुन्हा गुणलं. तेच आलं.

"ही कमानी कुठं केली?"

"कोल्हापूर, उद्यमनगरमें. तीन बार वळवाके लाया."

"आठ मिलिमीटर कुणी सांगितलं?"

अब्बांना प्रश्नच कळला नाही. "पहिली पतली लगी, दूसरी जाड़ लगी. तीसरी बैठी."

मी कागद त्यांच्यासमोर धरला आणि समजावू लागलो. अब्बांनी थोडं ऐकलं, मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, "मलम लगा."

कमान्या बदलायला अब्बांनी जुनं अवजार सांगितलं. दोन जाड पट्ट्या आणि दोन लांब आट्याचे बोल्ट. दोन्ही बोल्ट थोडे-थोडे, सारखे आवळत कमानी दाबायची आणि वरच्या दोन अर्ध्या कड्या काढायच्या. "मुँह सामने नक्को." दाबलेली कमानी सुटली तर दात पाडते. दुपारच्या उन्हात मी ते करत होतो तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "पुनावाला कितना देता?"

मला घाम आधीच आलेला होता. आकडा सांगितला. वेल्डिंग कापायचंही सांगितलं. ते काही बोलले नाहीत. खाली पडलेली कडी पायानं माझ्याकडे सरकवली. थोड्या वेळानं म्हणाले, "पच्च्याऐंशीला डावा गळत होता. मालूम था मेरेको. नए का पैसा नव्हता आणि शर्यत सोडवत नव्हती." त्यांच्या तोंडून त्या पडण्याविषयी मी हे पहिल्यांदा ऐकलं. अम्मीला आजही वाटतं की मध्ये दगड आला होता.

असरच्या अजानपर्यंत दोन्ही बाजू बसल्या. मी बसलो, मागचा भाग जेमतेम इंच-सव्वा इंच दबला. उतरलो. अब्बा स्वतः उठले, दोन्ही पंजे सीटवर ठेवून सारं अंग टाकलं आणि हात काढले. गाडी वर आली, पुन्हा जरा खाली डोकावली आणि थांबली.

"डेढ़," ते म्हणाले. कमानी जुनी कडक, नळी नव्या मऊ कमानीच्या बेताची, म्हणून ते अर्धं उसळणं राहणारच होतं. जाड तेल घालता आलं असतं, पण नव्या नळीचं तोंड कारखान्यातच बंद केलेलं, खोलता येत नाही. "शर्यतीला चालायची नाही. पोराला शाळेत सोडायला चालंल."

फोन वाजत होता. पुण्याचाच होता. माझे दोन्ही हात ग्रीसनं भरलेले होते. अब्बांनी फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सतराचा पाना पुढं केला. थरथरत होता, पण धरला होता त्यांनीच.

"उजवा खालचा नट अर्धा आटा बाकी आहे," ते म्हणाले.

त्या पावसाळ्यात छतावर ताडपत्री टाकली. अम्मी अजून बोलते.