‘फाइन, थँक यू’

सर्किटचं गणित सोडवताना आपण आधी काय बघतो? इनिशियल कंडिशन! कपॅसिटरवर आधीचाच चार्ज असेल, तर तेच सर्किट आणि तीच बॅटरी असूनही उत्तर वेगळं येतं. माणसांचंही काहीसं असंच असतं.

हे नीट मांडलं जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी. त्यांना लहानपणी सांभाळणारी दाई ते साधारण चार वर्षांचे असताना काम सोडून गेली होती. १९६९ साली त्यांचं ‘अटॅचमेंट’ हे पुस्तक आलं. आपल्याला सांभाळणारं माणूस हाक मारल्यावर येतं की नाही, यावरून मूल सगळ्या जगाबद्दलच एक अंदाज बांधतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला एक प्रयोग केला. वर्षभराच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवून आईने थोडा वेळ बाहेर जायचं आणि परत यायचं. काही बाळं रडली, पण आई आल्यावर शांत झाली. काही आईला बिलगूनही चिडलेलीच राहिली. आणि काहींनी आईकडे बघितलंसुद्धा नाही, खेळत बसली. पुढे अशा ‘शांत’ बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर तेही वाढलेलेच निघाले!

मी या तिसऱ्या जातीची. चार वर्षांची होईपर्यंत आजीकडे होते, मग एक दिवस आई-बाबांकडे आले. “पोरगी जराही रडली नाही हो!” असं घरात अजून कौतुकाने सांगतात. त्यात कॉन्व्हेंटने शिकवलेलं, कोणी कसं आहे विचारलं की ‘फाइन, थँक यू’ म्हणायचं.

सेकंड इयरला काउन्सेलर मॅडमकडे जायला लागले, तेव्हा तिथेही हेच. चार भेटी झाल्यावर त्या म्हणाल्या, “पुढचे दोन आठवडे मी नाहीये. सतरा तारखेला चार वाजता इथेच भेटू.” मी म्हटलं, “नो प्रॉब्लेम.” आणि जिना उतरतानाच ठरवलं, आता यायचं नाही. तरी सतरा तारखेला पाय तिकडे वळले. मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, “मी नव्हते, त्याचा राग आला का?” मी ‘नाही’ म्हटलं आणि मग दहा मिनिटं मला बोलताच येईना. त्यांनी घाई केली नाही.

बोल्बींनी १९८८ च्या ‘अ सिक्युअर बेस’ मध्ये हेच लिहिलंय. आपण काउन्सेलरकडूनही जुनीच वागणूक गृहीत धरतो. मात्र काउन्सेलर भरवशाचा राहिला, तर तो जुना अंदाज तपासून बघता येतो. म्हणजे ‘तिसरी जात’ हा काही कायमचा शिक्का नव्हे.

तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर ‘काही उपयोग नाही, सोडून द्यावं’ असं वाटलं, तर जरूर सोडा. पण आधी एकदा हे त्यांनाच सांगून बघा. कधी कधी खरं बोलणं तिथूनच सुरू होतं.