दोराचे दुसरे टोक

सिंहगडचा धडा आम्ही तीस वर्षे शिकविला. १६७० सालच्या त्या रात्री मावळे कडा कसा चढून गेले हे सांगताना आमचा आवाज चढे, वर्ग स्तब्ध होई. मात्र नल्लकुंट्यातील आमच्या घराच्या गच्चीवरून खाली पाहिले तरी आमचे डोळे फिरतात, हे गुपित केवळ घरच्या मंडळींनाच ठाऊक!

गेल्या हिवाळ्यात दहावीतील एका विद्यार्थ्याने शहराबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत प्रस्तरारोहणासाठी जाण्याची परवानगी मागितली. आम्ही अर्जावर 'नामंजूर' असा शेरा मारला. मुलाने वाद घातला नाही. "सर, एकदा येऊन बघा, मग ठरवा," एवढेच तो म्हणाला. ते शब्द मनाला टोचत राहिले आणि एका रविवारी, सौभाग्यवतींच्या सूचना ऐकत, आम्ही निघालो.

आपल्या घरांतली शहाबादी फरशी चुनखडीची. तिचे थर पोथीच्या पानांसारखे सुटतात. हैदराबादचा कातळ ग्रॅनाइटचा, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. त्याला ओळीने भोके पाडून, पाचरी ठोकून फोडावे लागते. खाणीच्या भिंतीवर त्या भोकांच्या अर्ध्या नळ्या अजून दिसत होत्या. त्यांवरून बोट फिरवीत मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा अशाच खाणीत दगड फोडायचे, सर. छातीत धूळ बसून गेले."

आम्ही निरुत्तर झालो. उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची १९३९ सालची ग्रॅनाइटची भव्य वास्तू आम्ही कितीदा कौतुकाने पाहिली. तो दगड कोणी फोडला असेल, हा प्रश्न कधी पडला नव्हता. आणि ज्याच्या आजोबांचे आयुष्य दगड फोडण्यात गेले, त्याला आम्ही दगडाला हात लावू देत नव्हतो!

प्रशिक्षकांनी व्यवस्था समजावून दिली. सुरुंगांनी खिळखिळे झालेले दगड आधी ठोकून पारखायचे, ओल्या कातळावर चढायचे नाही, डोक्यावर हेल्मेट हवेच. दोर माथ्यावरच्या पक्क्या आधारातून खाली येतो; एक टोक चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला, दुसरे खालच्या सोबत्याच्या हाती. दोघांनी एकमेकांच्या गाठी तपासल्याखेरीज पाऊल उचलायचे नाही.

"सर, चढता?" प्रश्न आला. नाही म्हणण्याची लाज वाटली. दहाएक फुटांवर आमचे पाय लटपटू लागले. खाली दोर धरून तोच मुलगा उभा होता; प्रशिक्षक त्याच्या शेजारी होतेच. "हातांनी ओढू नका, सर. पायांवर उभे राहा. फक्त पुढचा आधार बघा." आणखी चार फूट गेलो आणि थांबलो. तेव्हा तो म्हणाला, "आता मागे रेला. मी धरलंय."

चढण्याहून हे मागे रेलणे कठीण. तीस वर्षे आम्ही सांगत आलो, मुले ऐकत आली. त्या क्षणी आमचा सारा भार एका विद्यार्थ्याच्या हाती होता, आणि तो हात हलला नाही.

सोमवारी आम्ही शेरा खोडला. पालकांची संमती, प्रशिक्षकांची उपस्थिती आणि पावसाळ्यात बंदी, अशा तीन अटी घातल्या व सही केली.

सिंहगडचा धडा आम्ही आजही शिकवितो. परतीचे दोर कापल्याची कथा रंगवून सांगतो. परंतु आता शेवटी वर्गाला एक प्रश्न विचारतो: मावळे चढत असताना दोर कोणी धरला होता?