सहीच्या पलीकडे

अंगठ्याच्या जागी सही आली की आपण बाई साक्षर झाली म्हणतो. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले; २०२२ पासून पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ योजना आली. पण सोलापुरात विड्या वळणाऱ्या भगिनींना मराठी लिहायला शिकवताना सहीच्या पुढची वाटच आम्हाला जास्त अवघड वाटली.

यांतल्या अनेकींनी लहानपणी कुरआन शरीफ नाजरा वाचलेले. अक्षर त्यांना परके नव्हते. पण नजर उजवीकडून डावीकडे सरावलेली आणि हाती लेखणी कधी आलेली नाही. म्हणून आम्ही बाराखडी बाजूला ठेवली. ग, म, भ, न अशा मिळत्याजुळत्या वळणांपासून सुरुवात केली. पान, सूत, तंबाखू, मजुरी हे त्यांचे पहिले शब्द.

अडले ते वाक्यापाशी. एक खाला म्हणाल्या, “टीचर, सही आती, अपनी बात लिखनेकू नै आती.” सरकारदरबारचा अर्ज मराठीत. तो दुसऱ्याने लिहायचा, खाली सही यांनी करायची. आपण काय मागितले, हेच ठाऊक नसायचे!

पुढे खालांनी कारखानदारासाठी स्वतः चिठ्ठी लिहिली : ‘माझ्या विड्या खराब म्हणून परत केल्या. कारण सांगा.’ वेलांट्या दोन ठिकाणी चुकल्या होत्या, मागणी मात्र स्पष्ट होती.

मोहल्ल्यामोहल्ल्यात आज शिकलेल्या मुली आहेत. त्यांनी रोज एक तास दिला, तर अशा कितीतरी चिठ्ठ्या लिहिल्या जातील.