नरनाळ्याची वाट

फजरची नमाज आटोपून आम्ही बाळापूरहून निघालो. अकोट ओलांडताच सातपुडा समोर आला. शहानूरच्या नाक्यावर नोंद केली, वाटाड्या घेतला आणि सागाच्या रानातून नरनाळा किल्ला चढू लागलो. हे मेळघाटातले वाघाचे रान. गलका करायचा नाही.

पुढे वऱ्हाडची इमादशाही स्थापणाऱ्या फतहुल्ला इमाद-उल-मुल्कने १४८७ मध्ये उभारलेला महाकाली दरवाजा आला. त्यावरची अरबी अक्षरे मुले लावत बसली. शक्कर तलाव, नऊगजी तोफ अजून वरच होती. पण गुडघ्यांमुळे अम्मी खाली नाक्यावर थांबलेल्या. मुले हिरमुसली, तरी आम्ही परतलो.

“काय वाचलंत?” अम्मींनी विचारले. धाकटी म्हणाली, “अल्लाहचं नाव.” अम्मी हसल्या. तलाव पुढच्या खेपेला, इन्शाअल्लाह.