गोरेगावचे रान आणि दोन डॉक्टरीणबाई

गोरेगाव म्हटले की पुष्कळांना चित्रनगरीच आठवते. पूर्वेला उतरून तिकडची बस धरावी, तर निम्मी मंडळी एखादी नटी दिसेल या आशेने खिडकीबाहेर डोकावत असतात. पण चित्रनगरीला लागूनच एक निवांत रान आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हे 33 एकरांचे निसर्गशिक्षण केंद्र. पाठीशी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान. पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन येथे यावे. गवत उंच वाढलेले असते, फुलपाखरांची लगबग चाललेली असते, आणि मोटारींचा कोलाहल हळूहळू मागे पडतो.

या रानात मला मात्र पाखरांच्या आधी दोन स्त्रिया आठवतात. ही सोसायटी 1883 साली आठ जणांनी मुंबईत स्थापिली. त्यांतले एक होते वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाई ही त्यांची सावत्र मुलगी. पुढच्याच वर्षी सोसायटीला आपल्या दुकानात जागा दिली ती हर्बर्ट फिप्सन या मद्याच्या व्यापाऱ्याने. 1889 साली फिप्सनशी विवाह केला तो डॉ. एडिथ पीची यांनी.

पीचीबाई स्वतः पोळलेल्या होत्या. एडिंबरा विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेला प्रथमच बसलेल्यांत त्या पहिल्या आल्या. पण बाई म्हणून त्यांची शिष्यवृत्ती 1870 साली दुसऱ्याच्या पदरात पडली. त्या 1883 च्या अखेरीस मुंबईत आल्या. तीन वर्षांनी कामा रुग्णालय उघडले. तेथे बायकांना तपासायला बाई डॉक्टरच असत, आणि त्याची धुरा पीचीबाईंकडे होती.

रखमाबाईंचे लग्न त्यांच्या अकराव्या वर्षीच लागले होते. पुढे नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा 1884 साली पती दादाजींनी फिर्याद गुदरली. 1885 साली सखाराम अर्जुन वारले. मार्च 1887 मध्ये न्यायालयाने सुनावले, सासरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंग! रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

हळहळणारे पुष्कळ होते. पीचीबाई नुसत्या हळहळल्या नाहीत. रखमाबाईंच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या मंडळींत त्या होत्याच. शिवाय डॉक्टर होण्याचा धीर त्यांनी दिला आणि विलायतेच्या शिक्षणासाठी पैसा जमवायला पुढाकार घेतला. 1888 साली दादाजींनी 2000 रुपये घेऊन हक्क सोडला, आणि दुसऱ्याच वर्षी रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. तेथे इव्हा मॅक्लॅरन या बाईंच्या घरचा आसरा त्यांना मिळाला. 1895 साली त्या डॉक्टर होऊन परतल्या. सुरतेत आणि नंतर राजकोटात त्यांनी वर्षानुवर्षे बायकांवर उपचार केले. 1955 साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

धैर्य रखमाबाईंचे स्वतःचेच होते. मैत्रिणीने त्या धैर्याला वाट करून दिली: फीचे पैसे, ओळखीचे दार, परक्या शहरात निजायला खोली. अडलेल्या बाईला लागते ते नेमके हेच.

गोरेगावहून हार्बरची गाडी थेट सीएसएमटीला जाते आणि कामा रुग्णालय तेथून चार पावलांवर आहे. सकाळी रान पाहून झाले, की दुपारी लेकीला तेथे न्यावे, आणि फाटकापाशी उभे राहून या दोघींची गोष्ट तिला सांगावी.